झाडून टाकलेला बर्फ

एकदा एका उंच, कोरड्या पठारावर एक वृद्ध राहत होता. तो शहाणा होता, आणि आपण शहाणे आहोत हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. पाऊस त्या पठाराची वाट जवळजवळ विसरला होता. हिवाळा मात्र न चुकता यायचा आणि ठाण मांडून बसायचा. अशा भूमीत, एका मोठ्या खडकाच्या आडोशाला, वृद्धानं एक वनस्पती वाढवली होती. वितीएवढीही उंच नाही, मातीला बिलगून पसरणारी. पान चुरगळलं तर ओव्याची आठवण यावी असा वास. उन्हाळ्यात तिच्यावर इतकी जांभळी फुलं यायची, की दुरून वाटावं, संध्याकाळ आकाशातून उतरून इथेच निजली आहे.

खालच्या खोऱ्यातल्या एका वस्तीनं आपली एक तरुण मुलगी त्याच्याकडे शिकायला धाडली. वस्तीच्या डोक्यावरचा उतार उघडा पडला होता. वारा सुटला की तिथली माती उडून वस्तीच्या एकुलत्या एका झऱ्यात पडे. झरा बुजत चालला होता. उतारावर काही रुजलं तर राहायचं, नाही तर येत्या उन्हाळ्यात घरं सोडून निघायचं, असं सगळ्यांनी ठरवलं होतं.

वृद्धानं तिला उघड्यावरचा एक वाफा दिला, ओंजळभर फुटवे दिले आणि म्हणाला, "जगव. वसंतात जे जिवंत असेल ते तुझं."

"कसं जगवू, बाबा?"

वृद्ध हसला. त्याचं हे हसू पंचक्रोशीत प्रसिद्ध होतं. माणसं ते पाहायला लांबून चालत येत, आणि काहीही न शिकता तृप्त होऊन परत जात.

मुलगी कष्टाळू होती. फुटवे रुजले, वाफाभर पसरले. मग पहिला बर्फ पडला. त्या सकाळी वृद्ध फावडं घेऊन निघाला, अंगणातला आणि वाटेवरचा बर्फ त्यानं गोळा केला आणि सगळाच्या सगळा तिच्या वाफ्यावर नेऊन ओतला.

"अहो बाबा, हे काय? गारठून मरतील ना ती!"

वृद्ध हसला आणि फावडं खांद्यावर टाकून आत गेला.

मुलीच्या वस्तीत घरांची छपरं सपाट, मातीची. बर्फ साचला की ती गळत, खचत. म्हणून उजाडताच पहिलं काम बर्फ झाडण्याचं. ज्या छपरावर दुपारपर्यंत बर्फ दिसे, त्या घरातलं माणूस आजारी तरी आहे किंवा मेलं तरी आहे, असं समजून शेजारी धावत येत. तिच्या लेखी बर्फ झाडणं म्हणजेच जीव लावणं. तिनं गवताचा मऊ कुंचा घेतला आणि निजलेल्या लेकराच्या कपाळावरचे केस सारावेत तसा तो बर्फ अलगद सारला. खालची पानं अजून हिरवी होती. तिला हायसं वाटलं.

पुन्हा बर्फ पडला. त्यानं ओतला, तिनं झाडला. असाच हिवाळा सरकत राहिला. दिवस निळे, निःशब्द. वारा एकाच सुरात वाहायचा आणि ऐकता ऐकता तिचे डोळे मिटायचे. मिटल्या डोळ्यांपुढे वस्तीवरचा उतार जांभळा व्हायचा, झऱ्याचं पाणी इतकं नितळ की त्यात घरंच्या घरं तरंगायची, आणि तिची आई काठावर बसून हसत असायची. जाग आली की ती कुंचा घेऊन बाहेर धावायची.

एकदा लोकरीचा एक व्यापारी मुक्कामाला आला. तिनं त्याला विचारलं, "बाबा असं का करतात हो?"

"थोरांचं मौन हीसुद्धा शिकवणच असते, मुली. घेणाऱ्याची झोळी मोठी हवी."

"तुम्ही बरीच वर्षं येताय. तुमच्या झोळीत काय पडलं?"

"ते शब्दांत सांगता येत नाही," असं म्हणून व्यापारी घाईघाईनं आपलं खेचर शोधायला गेला.

वसंत आला. मुलीनं वाफ्याला हात लावला आणि पानांचा भुगा तिच्या बोटांना लागला. एकही फुटवा जिवंत नव्हता. खडकाच्या आडोशाला, जिथे बर्फ आपोआप साचत असे, तिथे मात्र वृद्धाची वनस्पती कोवळे कोंब काढून बसली होती.

वृद्ध तिच्या मागे येऊन उभा राहिला आणि शांत स्वरात बोलू लागला. "पोरी, इथे थंडी मारत नाही, वारा मारतो. मुळं गोठलेली असतात, त्यांना पाणी ओढता येत नाही. आणि वरून वारा, ऊन पानांतला उरलासुरला ओलावा पिऊन टाकतात. बर्फ हे पांघरूण आहे. तू प्रेमापोटी रोज पांघरूण काढत होतीस. हे मी सांगितलं असतं तर तू विसरली असतीस. भोगलेलं विसरत नाही."

इथे साधारणपणे शिष्य गुरूचे पाय धरतो. मुलीनं धरले नाहीत.

"भोगणार कोण, बाबा? माझी माणसं. ती आता घरं सोडतील. तुम्ही अख्खा हिवाळा दारात उभे राहून बघत होतात. 'राहू दे, ते पांघरूण आहे,' एवढं एक वाक्य होतं. ते तोंडातून काढायला तुमचं काय जात होतं?"

वृद्ध हसायला गेला, पण हसू ओठांवर येऊन अवघडलं.

"माझ्या गुरूंनीही मला असंच शिकवलं," तो म्हणाला.

"मग, आवडलं होतं तुम्हाला?"

"नाही," वृद्ध म्हणाला. "फार राग आला होता."

मग त्यानं कुदळ उचलली, खडकाच्या आडोशाला गेला आणि आयुष्यभर जपलेला त्या वनस्पतीचा गालिचा मधोमध कापला. अर्धा भाग ओल्या घोंगड्यात गुंडाळून त्यानं पाठीवर घेतला आणि तिच्याबरोबर डोंगर उतरू लागला. वाटभर तो बोलत होता. खत घालू नकोस, फुटवे माजतात आणि मग हिवाळ्यात तगत नाहीत. मुळाशी बारीक खडे राहू देत. शरदात पाणी तोड. मुलगी मध्येच विचारी, तो थांबून उत्तर देई, आणि दोनदा तर "हे मला ठाऊक नाही," असंही म्हणाला.

उतारावर हिरवे ठिपके दिसू लागले, तशी वस्तीनं आणखी एक वर्ष थांबायचं ठरवलं. त्या हिवाळ्यात छपरांवरचा बर्फ टोपल्यांत भरून लोक उतारावर नेत आणि हलक्या हातानं अंथरत. पुढच्या उन्हाळ्यात धूळ उडाली नाही. झऱ्याकाठी मुलीच्या आईनं ओंजळ भरली, पाण्याकडे पाहिलं आणि पिऊन टाकली.

ज्यांना ठाऊक आहे त्यांनी वेळेवर सांगून टाकावं. शिकणाऱ्याला शोधायला तरीही पुष्कळ उरतं.