काशाच्या वाटीतला इंग्रजी शब्द

"पारसनीस, उद्या दुपारी हा शब्द मला डोळ्यांनी दिसला पाहिजे! नाहीतर तुमची पगडी मळ्यातल्या बुजगावण्याच्या डोक्यावर! तेही तुमच्याइतकंच इंग्रजी जाणतं!"

निंबगिरीचे महाराज असं गरजले आणि सारा दरबार हसला. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. नोकरी टिकवायची तर तेवढं करावंच लागतं.

मी संस्थानचा दुभाषी. आडनाव पारसनीस, म्हणजे वाडवडील फारसी लिहिणारे. मला फारसी येत नाही. इंग्रजी येतं असा दरबाराचा गोड गैरसमज होता आणि तो मी कधी मोडला नव्हता. पण इंग्रज साहेबानं मैत्रीच्या कराराचा मसुदा धाडला आणि पहिल्याच ओळीत तो शब्द आडवा आला. म्युच्युअल!

"परस्पर मैत्री," मी सकाळी सांगितलं.

"परस्पर? म्हणजे मला न विचारता?" महाराज कडाडले.

दुपारी मी 'अन्योन्य' म्हणालो. महाराजांनी जांभई दिली. मग मी जाडजूड कोश उघडून शब्दाचं कूळच सांगायला घेतलं. मूळ शब्द जुन्या रोमन लोकांचा, तिथे अर्थ उसना घेतलेला, अदलाबदलीचा. त्यांच्याकडून तो फ्रेंचांकडे गेला, फ्रेंचांकडून इंग्रजांकडे.

"वा! म्हणजे साहेब उसन्या शब्दानं माझ्याशी मैत्री करतो! आणि शब्द परत केला का त्यांनी?"

कोशात ते दिलेलं नव्हतं.

"पुरे!" महाराज म्हणाले. "शब्दाचा अर्थ शब्द, त्याचा अर्थ आणखी शब्द! मला तो दाखवा. आणि दाखवताना तोंडातून अक्षर निघालं तर पगडी गेलीच!"

घरी येऊन मी ओसरीवर डोक्याला हात लावून बसलो. डोक्यावर अजून पगडी होती, तेवढंच समाधान. इतक्यात शेजारची ठकू आली. ठकू म्हणजे राजाच्या मळ्यावरच्या माळ्याची लेक. काल आमच्या घरून तिच्याकडे वाटीभर चिवडा गेला होता, तीच काशाची वाटी ती परत द्यायला आली होती. वाटीत कोवळी तोंडली होती.

"काका, असं तोंड का पाडलंय?"

मी सगळं सांगितलं. मलाच नीट कळलेलं नव्हतं, तरी तिला कळलं.

ठकूनं हातातल्या वाटीकडे पाहिलं आणि ती खुदकन हसली. "एवढंच होय! ही वाटी उद्यापुरती मला द्या. आणि काका, दरबारात तुम्ही काही बोलू नका."

"मी बोललो तर?"

"तर बुजगावण्याला पगडी मिळंल!"

दुसऱ्या दिवशी दरबारात ठकू पुढे झाली आणि तिनं झाकलेली वाटी महाराजांपुढे ठेवली. झाकण काढलं तर खाली वांग्याचं भरीत! निखाऱ्यावर भाजलेलं, वरून लसणाची फोडणी. महाराजांचा करारी चेहरा तिथल्या तिथे पाघळला. त्यांनी चाटूनपुसून वाटी साफ केली आणि तिच्यापुढे सरकवली.

ठकूनं वाटी घेतली नाही.

"ने की!" महाराज म्हणाले.

ठकूनं वाटीत डोकावून पाहिलं. वाटी उलटी केली. काहीच पडलं नाही. तिनं ती पुन्हा महाराजांपुढे ठेवली आणि पदर सावरून उभी राहिली. माझ्या तोंडात दहा शब्द आले होते, तेही चुकीचे. मी दातांनी ओठ दाबून धरला.

महाराज वाटीकडे बघत राहिले. मग एकदम कानकोंडे झाले. "अरे, आईसाहेब असत्या तर मला बोलल्या असत्या! भरल्या घरातून रिकामी वाटी परत? साखर आणा रे!"

वाटी साखरेनं शिगोशीग भरली. ठकूनं ती उचलून कपाळाला लावली आणि कराराच्या कागदावरच्या त्या शब्दापाशी बोट ठेवलं.

"हाच तो म्युच्युअल!" महाराज ओरडले. "बोल पोरी, आता बोल! वाटी पहिल्यांदा कोणी भरायची? मी की साहेबानं?"

"ज्याच्या घरी आधी पिकंल त्यानं, महाराज!"

"आणि दोघांत मोठा कोण?"

"वाटी! ती दोन्ही घरी जाते."

महाराज मिशीत हसले, पण खोडी काढायची हौस काही जिरली नव्हती. "तुझा बाप राबतो त्या मळ्यातून रोज भाजीची पाटी येते आणि रिकामी परत जाते. आता त्याचा हिशेब मांडू?"

"हिशेब नको, महाराज! हिशेब मांडला तर माणूस सावकार होतो, शेजारी राहत नाही!"

महाराज असे खदखदून हसले की लोड घसरला. त्यांनी करारावर शिक्का मारला आणि तो मळा माळ्याच्या नावे करून टाकला. मग त्यांची नजर माझ्याकडे वळली. "पारसनीस, हिनं तुमची पगडी वाचवली. तुम्ही काय देणार?"

मी खिसे चाचपले. देण्यासारखं माझ्याकडे एकच होतं. मी पगडी काढून ठकूच्या ओंजळीत ठेवली.

"बरं झालं, काका," ठकू म्हणाली. "आमच्या बुजगावण्याला होईल. आणि ते तोंड मिटून उभं राहतं!"

माझ्या उघड्या टाळूकडे बघून महाराज पुन्हा हसू लागले. या खेपेला मीही मनापासून हसलो.