काळाईचा उष्टा चिंचोका

काळाईच्या टेकडीवर चैत्रातल्या जत्रेला देवीपुढे जो नैवेद्य जातो, त्यात एक उष्टा चिंचोका असतो. पाहुणे नाक मुरडतात. मग पुजाऱ्यांच्या घरातल्या ठकूआजी त्यांना पायरीवर बसवून घेतात आणि सांगतात.

फार पूर्वी, म्हणे, इथे चिंचेचं एकच झाड होतं. झाड देवीचं, म्हणून खाली पडलेली चिंचही कोणी उचलायची नाही, असा पुजाऱ्याचा दंडक. खालच्या आळीतल्या गोजराची लेक बायजा पहिलटकरीण, माहेरी आलेली. पोटात अन्नाचा कण ठरेना. चिंचगूळ तेवढा मागायची. गोजरानं चार चिंचा वेचल्या. पुजाऱ्यानं त्या तिच्या ओटीतून काढून घेतल्या.

"देवीच्या तोंडचं खातीस व्हय गं?"

"पडलेल्या हायत. मुंग्या खात्यात की."

"मुंग्यांना अक्कल नाही. तुला तरी हवी!"

बायजा बाळंतपणात गेली. मूलही गेलं.

"चिंचेनं वाचली असती का, कुणाला ठाऊक," ठकूआजी म्हणतात. "पण तिनं मागितलं होतं."

तेरावं उरकून गोजरा भर दुपारी झाडावर चढली, असं सांगतात. तिला अडवायची पुजाऱ्याची छाती झाली नाही. घरी येऊन तिनं टरफलं सोलली, शिरा ओढल्या, चिंचोके मात्र आतच ठेवले. गूळ, मीठ, तिखट घालून मळलं, तळहाताला तेल लावून गोळ्या वळल्या. बायजाला आवडायच्या तशा, आंबटाकडे झुकलेल्या. गावातल्या पोटुशा बायकांना देवळात बसवून तिनं त्या खाऊ घातल्या आणि त्यांच्या तोंडचे चिंचोके देवीपुढे मांडले.

"देवीला उष्टं?" पुजारी ओरडला.

"गर लेकींचा," गोजरा म्हणाली. "झाड देवीचं ना? हे घ्या. तिचं झाड तिला परत केलं."

त्यानं चिंचोके टेकडीखाली भिरकावले. पावसाळ्यानंतर तिथे चिंचेचं रान उठलं म्हणे. त्याला मालक नाही.

"आमच्याच घरातला होता तो पुजारी," ठकूआजी सांगतात. हे वाक्य त्या कधी गाळत नाहीत.

आजही जत्रेआधी घरोघरी गोळ्या वळतात. पहिली गोळी पोटुशीनं खायची, मग तिचा चिंचोका देवीला. एखाद्या वर्षी गावात कोणी गर्भार नसेल, तर ताट झाकून ठेवतात आणि शेजारच्या गावी निरोप धाडतात. ती बाई सावकाश टेकडी चढून येईपर्यंत देवीनं उपाशी थांबायचं असतं.