समोरचा पाट

डोंगरापलीकडच्या एका गावात एक कासारीण राहत होती. बांगड्या भरण्यात तिचा हात असा हलका, की सणावाराला आसपासच्या लेकीबाळी तिच्याच ओट्यावर येऊन बसत. हात दाबता दाबता ती गुणगुणायची, आणि गुणगुणायची ती एकाच गवयाची गाणी.

लहानपणी जत्रेत बापाच्या खांद्यावर बसून तिनं त्या गवयाला ऐकलं होतं. गर्दीतून तिला त्याचं पागोटं तेवढं दिसलं, पण आवाज मात्र सगळा मिळाला. त्यातही एक जागा होती. गाणं संपत आलं की गवई एक सूर धरून वर चढायचा, आणखी वर चढायचा, आणि ऐकणाऱ्याला वाटायचं, आता हा माणूस काही खाली येत नाही. त्या जागेवर तिचा बाप रडला होता. त्याची आसवं तिच्या पायांवर पडली होती.

पुढे तिचं लग्न झालं, मुलं झाली, नवरा गेला, केस पिकले. जगात दुसरे गवई होऊन गेले असतील, तिच्या लेखी नव्हते.

आणि एक दिवस गावात दवंडी पिटली, की देवीच्या उत्सवाला तोच गवई गाणार आहे.

तुम्हाला वाटेल, बाई आनंदानं नाचली असेल. छे! तिचं गुणगुणणंच बंद झालं.

"तो आता म्हातारा झाला असेल," ती थोरल्या जावेला म्हणाली.

"मग? तू काय कोवळी राहिलीस?" जाऊ बोलायला मोठी फटकळ होती.

"तसं नव्हे हो, जाऊबाई. आवाज गेला असला तर?"

"गेला तर गेला. प्रसाद घेऊ नि घरी येऊ."

जावेला काय, गाण्यातलं एवढंच कळत होतं की ते संपल्यावर प्रसाद वाटतात. कासारणीला मात्र चैन पडेना. बाप गेला, माहेर तुटलं, नवरा गेला, पण तो सूर तिच्या मनात शाबूत होता. तो तिच्यादेखत मोडला, तर तिच्याजवळ उरायचं काय? जायचंच नाही असं ती सकाळी ठरवायची आणि संध्याकाळपर्यंत तिचं ठरलेलं मोडायचं.

त्या मुलखात एक रीत होती. गवयाच्या अगदी पुढ्यात एक पाट मांडायचा आणि त्यावर गावातलं गाण्याचं सगळ्यांत वेडं माणूस बसवायचं, मग तो सावकार असो की पाणक्या. नुसत्या गर्दीकडे पाहून गाणारा बावचळतो, एका जीव लावणाऱ्या तोंडाकडे पाहिलं की त्याला बळ येतं, असा त्यामागचा विचार. त्या वर्षी कुणाला बसवायचं, हा प्रश्न गावाला पडलाच नाही.

"पाटावर कासारीण बसेल," पाटील म्हणाले.

"मला नको हो, दादा. मी आपली मागं बसते कुठंतरी."

"मागं कशाला? त्याची गाणी तुझ्याइतकी गुणगुणलीत का कुणी? बस गपगुमान."

बसली बिचारी. उन्हं उतरत होती. मांडव गच्च भरला होता, आणि एवढ्या माणसांत एकटी तीच अशी होती, जिला वाटत होतं की आता आभाळ फाटावं, वावटळ यावी, काहीही व्हावं आणि गाणं राहून जावं.

वावटळ काही आली नाही, गवई आला. दोघांनी त्याला दोन्ही बाजूंनी धरलं होतं. तोंडभर सुरकुत्या, आणि तंबोऱ्यावर ठेवलेली बोटं म्हणजे नुसती हाडं. कासारणीला एकदम भडभडून आलं. एवढ्या आवाजाचा धनी तो एवढासाच? गवयानं तिच्याकडे पाहिलं, मान लववली आणि गायला सुरुवात केली.

जन्मभर काचेत वावरलेली बाई ती. बांगडी फुटण्याआधी बारीक कुरकुरते, ते तिला इतरांच्या आधी ऐकू यायचं. गवयाच्या पहिल्याच सुरात तिला तशी कुरकुर ऐकू आली. खरं म्हणजे ती म्हातारपणाची खरखर होती, कुठल्याही म्हाताऱ्याच्या गळ्यात असते. पण तिनं मनाशी पक्कं केलं, की हा आवाज आज तडकणार.

गाणं मात्र तिच्या भीतीसाठी थांबलं नाही. आवाज हळूहळू तापला, खरखर विरघळली, आणि ओळखीची वळणं एकेक करून समोर यायला लागली. घरी ती गुणगुणायची ते यापुढे काहीच नव्हतं. इथं सूर सुटला की तो तिच्या बरगड्यांतून जात होता. तिची मान डोलायला लागली, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ते पुसायचंही तिला भान उरलं नाही. तिच्याकडे पाहता पाहता म्हातारा गवई ताठ होऊन बसला.

मग ती जागा जवळ आली.

गवयाच्या गळ्याची शीर फुगलेली तिला दिसली, आणि दिसल्यावर दुसरं काही दिसेना. 'नको,' ती मनात म्हणाली, 'वर नको जाऊस, इथंच थांब.' गवयानं सूर धरला. तो चढायला लागला. मांडवानं श्वास रोखला. कासारणीनं डोळे गच्च मिटले आणि दोन्ही कानांत बोटं घातली.

तिला फक्त स्वतःच्या छातीचे ठोके ऐकू येत होते. आता झालं असेल, असं वाटल्यावर तिनं बोटं काढली. मांडव चिडीचूप होता. गवई तंबोरा खाली ठेवत होता. त्यानं लोकांना हात जोडले आणि त्या दोघांचा आधार घेऊन तो निघून गेला.

"वय झालं हो, दम पुरला नाही," म्हणत लोक उठले.

"बरं झालं, मी ऐकलं नाही," कासारीण डोळे पुसत जावेला म्हणाली. "चिरकला ना हो?"

जाऊ तिच्याकडे बघतच राहिली. "चिरकला? अगं, चढत होता तो! माझ्यासारखीच्या अंगावर काटा आला. तेवढ्यात त्यानं तुझ्याकडं बघितलं, तर तू कानांत बोटं घालून बसलेली. त्याचं तोंड उतरलं नि त्यानं मधेच सोडून दिलं."

इतके दिवस कासारीण ज्याला भीत होती, ते घडलंच नव्हतं. आणि जे घडलं, ते तिनं आपल्या हातांनी केलं होतं.

"चल घरी," जाऊ म्हणाली. घरी जाणं फार सोपं होतं. त्या माणसापुढे उभं राहणं फार अवघड होतं. तरी ती वेशीकडे पळत सुटली. बैल जुंपलेले होते, गवई गाडीत टेकून बसला होता.

"बुवा, मला क्षमा करा."

"क्षमा कसली, बाई?" गवई शांतपणे म्हणाला. "एवढ्या मायेनं ऐकणाऱ्या माणसाला जर ऐकवेना, तर मी गाऊ नये हेच खरं."

"नाही हो! गोड होता आवाज. मी भ्याले. चिरकेल म्हणून भ्याले."

गवयानं गाडीवानाला थांबायची खूण केली. मग म्हणाला, "आणि मी भ्यालो नव्हतो होय? तुमच्या गावचं आमंत्रण आल्यापासून मला झोप नाही. ती जागा मी कित्येक वर्षांत घेतलेली नाही. आज तुमच्या तोंडाकडं बघून हिय्या केला. म्हटलं, या बाई समोर आहेत, पडलो तरी चालेल."

कासारणीला हुंदका आवरेना. रडतच ती म्हणाली, "मग आता चढा. मी आहे."

"आणि चिरकला तर?"

"चिरकला तर चिरकलेला ऐकेन."

गवयानं तंबोऱ्याशिवायच सूर धरला. तो चढायला लागला तसे तिचे हात आपोआप कानांकडे उठले. तिनं गाडीचं चाक घट्ट धरून ठेवलं. सूर वर गेला, आणखी वर गेला, आणि चिरकला. पण तिनं तो चिरकलेला सूर शेवटपर्यंत ऐकला, गवयाच्या डोळ्यांत डोळे घालून. गवई थांबला नाही. त्यानं तिथंच श्वास घेतला, तोच सूर पुन्हा उचलला, आणि चढला.

मांडवातली माणसं तोवर आपापल्या घरी पोचली होती. गवयाचा आवाज गेला, ही गोष्ट त्या गावातून पंचक्रोशीत पसरली. कासारीण भेटेल त्याला सांगायची, "नाही हो, तो माझ्यामुळं थांबला." काहींना ते पटलं. बाकीचे मान हलवून पुढे जात.

तात्पर्य: ज्याच्यावर आपला जीव आहे तो पडेल या भीतीनं तोंड फिरवू नये, आपलं तोंड पाहूनच तो चढत असतो.