शिगोशीग मापटं

राणीच्या फुलबागेत वेणूची आई रोज टोपलीभर मोगरा खुडायची. वेणू तान्ही होती तेव्हा त्याची मजुरी दोन नाणी मिळायची आणि तेवढ्यात तांदळाचं पितळी मापटं शिगोशीग भरायचं. आता वेणू सात वर्षांची झाली, दोन नाण्यांची तीन झाली, पण मापटं जेमतेम अर्धं भरत होतं.

घराच्या कोपऱ्यात वेणूच्या कपड्यांचं गाठोडं बांधून ठेवलं होतं. पोर निदान पोटभर जेवेल म्हणून आई तिला परवा डोंगरापलीकडच्या मावशीकडे पाठवणार होती. गाठोडं दिसलं की वेणू पटकन तोंड फिरवायची.

त्या सकाळी तिने आपल्या वाटचं पाणी एका कोमेजल्या रोपट्याला घातलं. तशी इवल्याशा कळीतून गुलाबी, सोनेरी पंखांची परी झुळकन बाहेर आली. ती दोन इच्छा पुरवणार होती, पण पहिली इच्छा बागेतल्या सगळ्यांना लागू होणार होती.

वेणूने दुप्पट मजुरी मागितली.

संध्याकाळी ओंजळीओंजळीत सहा-सहा नाणी चमचमली. बायका हसत वाण्याकडे गेल्या. तांदळाची पोती होती तेवढीच, आणि पैसे मात्र सगळ्यांकडेच. वाण्याने भाव दुप्पट केला. मापटं पुन्हा अर्धंच भरलं, आणि वेणूला रडू फुटलं.

दुसऱ्या सकाळी परी हळूच म्हणाली, "आता फक्त तुझ्या आईसाठी माग. भाव चढणार नाही."

वेणूला गाठोडं आठवलं. हो म्हणावंसं फार वाटलं. पण शेजारची, याच बागेत फुलं खुडणारी यमाकाकू जुळ्यांना पेज पाजून स्वतः नुसतं पाणी पिते, हे तिने पाहिलं होतं.

"परीताई, नुसती नाणी नकोत," ती कशीबशी म्हणाली. "भाव कितीही होऊ दे, टोपलीभर फुलांना मापटं शिगोशीग भरेल एवढी मजुरी सगळ्यांना मिळू दे. मग मला घरी राहता येईल ना गं?"

परीने तिच्या गालावर बोट टेकवलं आणि लख्ख उजेडात ती विरघळून गेली. वेणू दिवसभर भीत भीत वाट पाहत राहिली.

संध्याकाळी राणीच्या कारभाऱ्याने आधी वाण्याचा भाव विचारला, मगच नाणी मोजली. आईने आणलेल्या मापट्यावर पांढरीशुभ्र शीग होती. उंबऱ्यात चार दाणे सांडले. वेणू ते वेचत होती, तेव्हा आई गाठोडं सोडून तिचा झगा पुन्हा खुंटीवर टांगत होती.