उठायची राहिलेली पंगत

"मग चुकलं कोण, एवढं तरी सांगा, बुवा."

धोंडबुवा मठाच्या ओसरीवर बसून ओल्या फडक्यानं पत्रावळी पुसत होते. एक पुसायची, उजेडाकडं धरून बघायची, खाली ठेवायची. मग दुसरी घ्यायची. भंडाऱ्याचा दिवस होता. मागं चुलाणावर आमटीला उकळी आली होती आणि तिचा वास पार नदीपर्यंत गेला होता.

विचारणारे होते विनायकराव मोकाशी. तालुक्याच्या गावी राहायचे. माणूस भला, अभ्यासाचा. गणपतीत, नवरात्रात आपल्या चालीरीतींवर त्यांची व्याख्यानं व्हायची. बोलायला लागले की बायाबापड्यासुद्धा पोरं मांडीवर निजवून ऐकत बसायच्या. सत्काराच्या शालींनी घरातलं कपाट भरलं होतं. लहानपणी वडील त्यांना बोट धरून दरसाल या भंडाऱ्याला आणत. त्यामुळं बुवा त्यांना अजून अरे-तुरे करत, आणि ते ऐकायला विनायकरावांना बरं वाटे. बाकी गावात आता त्यांना अरे म्हणणारं कोणी उरलं नव्हतं.

"पराग घर सोडून चाललाय," विनायकराव म्हणाले. "एकुलता मुलगा. भाड्याची जागा बघून ठेवलीय. दसऱ्याला जाणार. सून जाणार, नात जाणार. एवढ्या मोठ्या घरात आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी."

"कशावरून?"

"बातम्यांवरून."

बुवांनी मान वर केली.

"संध्याकाळी जेवायला बसलो होतो. टीव्हीवर निवडणुकीचं चाललं होतं. मी आपला देशाबद्दल दोन शब्द बोललो. तर मला म्हणतो, बाबा, फोनवर येतं ते सगळंच खरं नसतं. सुनेसमोर, नातीसमोर. आता तुम्हीच सांगा, वडिलांचा मान ठेवायचा ही आपली रीत आहे की नाही?"

"आहे की."

"मग?"

"मग काय झालं?"

"मग... शब्दानं शब्द वाढला. जेवण राहिलं. तेव्हापासून बोलणं नाही. मी माझं ताट खोलीत मागवून घेतो." विनायकराव जरा थांबले. "तुम्ही त्याला बोलावून घ्या, बुवा. तुमचं ऐकेल तो. एकदा माफी मागितली की माझ्या मनात काही नाही. पोरगं घरात राहायला पाहिजे."

हे शेवटचं बोलताना त्यांचा आवाज व्याख्यानातला राहिला नव्हता.

बुवांनी शेवटची पत्रावळ खाली ठेवली. फडकं पिळलं.

"आधी जेवू," ते म्हणाले.

पंगत बसली. बुवांच्या एका हाताला विनायकराव, आणि विनायकरावांच्या पलीकडं मठाचे गुरव, केरबातात्या. श्लोक झाला. भात आला, आमटी आली, वांग्याची भाजी आली. विनायकरावांना लहानपण आठवलं असावं. त्यांचा चेहरा उजळला.

"बघा तात्या," ते म्हणाले, "ही आपली पंगत. इथं मोठा नाही, लहान नाही. सगळ्यांना एकच जमीन, एकच आमटी. आणि सगळ्यात थोर काय? शेवटच्या माणसाचा घास संपल्याशिवाय पहिल्यानं उठायचं नाही. हळू जेवणाऱ्याला लाज वाटू नये म्हणून सगळ्यांनी बसायचं. किती विचार केलाय आपल्या वाडवडलांनी."

"केलाय खरा," तात्या म्हणाले. "पर आधी जेवा. भात गार व्हतोय."

विनायकराव बोलले त्यात खोटं काहीच नव्हतं. पंगतीतल्या दोघातिघांनी माना डोलावल्या. एवढं छान आपल्याला बोलता आलं असतं तर, असंही एखाद्याला वाटलं असेल.

मंडळी जेवली. बुवा मात्र जेवतच होते. त्यांच्या तोंडात दात नव्हते. भात आमटीत कालवायचा, बोटांनी मऊ करायचा, गोळी करून तोंडात ठेवायची आणि घोळवत बसायचं. मध्येच थांबून ते वाढणाऱ्याला म्हणत, "आमटी चांगली झालीय रे." मग पुढची गोळी.

"बुवांच्या पंगतीला बसायचं तर अंथरूण घिऊन यावं," तात्या म्हणाले.

"तुझे दात दे," बुवा म्हणाले. "लगेच उठतो."

"दिलं असतं. पर शिबिरातलं फुकटचं हाईत. घास सोडून समदं चावत्यात."

पंगत हसली. विनायकरावही हसले. पण त्यांचं जेवण केव्हाच झालं होतं. उजव्या हाताच्या बोटांवर आमटी वाळायला लागली होती. उष्टा हात वाळवू नये, असं त्यांची आई सांगायची. एसटीची वेळ होत आली होती. बुवांकडून हवा तो शब्द अजून मिळाला नव्हता. त्यांनी एक गुडघा उचलला.

तात्यांनी हळूच त्यांची बाही धरली. "बुवा बसल्यात अजून."

"ठाऊक आहे हो मला. मीच तर आत्ता सांगितलं."

"म्हणूनच म्हनलं."

विनायकराव परत टेकले.

शेवटी बुवांची पत्रावळ स्वच्छ झाली. एक शीत कडेला चिकटलं होतं, तेही त्यांनी बोटानं उचलून तोंडात टाकलं. आता उठतील, म्हणून सगळ्यांनी अंग सावरलं.

बुवा उठले नाहीत.

...

कावळे जवळ सरकले. वाढणारी मंडळी रिकाम्या बादल्या घेऊन खांबाशी उभी राहिली.

"बुवा," विनायकराव म्हणाले, "सगळ्यांचं झालंय."

"एक जण राहिलाय."

सगळ्यांनी पंगतीवरून नजर फिरवली. या टोकापासून त्या टोकापर्यंत पत्रावळी रिकाम्या होत्या.

"कोण राहिलाय?"

बुवा त्यांच्या वाळलेल्या हाताकडं बघत होते.

"विनायका, त्या संध्याकाळी ताटावरून आधी कोण उठलं?"

विनायकरावांनी रिकाम्या पत्रावळीची कड दुमडली.

...

"मी," ते म्हणाले.

"भरल्या ताटावरून?"

"हो."

"आणि पोरगं?"

विनायकराव खाली बघू लागले. ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. त्या संध्याकाळी खोलीत जाऊन त्यांनी दार लोटून घेतलं होतं, पण दाराला कान नसले तरी माणसाला असतात. बाहेर टीव्ही बंद झाला. सून नातीला निजवायला घेऊन गेली. मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. आणि मग त्यांच्या बायकोचा आवाज आला, "अरे ऊठ की आता. हात वाळला तुझा." त्यावर पराग म्हणाला, "बाबांचं ताट वाढलेलं आहे, आई. येऊ देत त्यांना."

दाराच्या आत विनायकराव तसेच बसून राहिले होते. उठावंसं वाटत होतं. पाय उचलत नव्हता. तसाच कधीतरी त्यांचा डोळा लागला. पोरगं ताटावरून उठल्याचा आवाज त्यांनी ऐकलाच नाही.

"बसून होता," विनायकराव म्हणाले. "माझ्यासाठी."

"तुझ्या व्याख्यानाला येतो का तो?"

"कधीच नाही. हसतो मला."

"मग त्याला ही रीत कुणी सांगितली?"

"सांगितली नाही कुणी..." विनायकराव अडखळले. "लहान असताना माझ्या मांडीला मांडी लावून बसायचा. माझं जेवण झालं की वाटीतलं ताक संपवायला मी मुद्दाम वेळ लावायचो. त्याचं व्हायचं असायचं म्हणून. तेवढंच."

तात्यांनी डोळ्यांना उपरण्याचं टोक लावलं आणि आमटी तिखट झाली होती, असं शेजारच्याला सांगितलं.

विनायकरावांनी बुवांकडं मान वळवली.

"मग मी आता काय करू, बुवा?"

बुवांनी आपला गुडघा जरासा आत घेतला. जायला वाट झाली.

"ऊठ."

"पण पंगत अजून..."

"तू ऊठ."

तात्यांनी या वेळी बाही धरली नाही.

विनायकराव उभे राहिले. आयुष्यभर ज्या रीतीवर बोलत आले, ती भरल्या पंगतीत मोडून उभे राहिले. एवढ्या माणसांत एकटेच उभे. त्यांना वाटलं, कुणीतरी हसेल. कुणी हसलं नाही. ते चार पावलं गेले, खांबाशी थांबले, आणि हात धुवायला मोरीकडं वळले.

"राहू दे तसाच," बुवा मागून म्हणाले.

विनायकरावांनी हाताकडं पाहिलं. मान हलवली. डाव्या हातानंच पायात चपला सारल्या. रस्त्याच्या वळणावर एसटीचा भोंगा वाजला.

पायरीवरून त्यांनी मागं वळून पाहिलं. पंगत होती तशीच बसली होती. म्हातारीकोतारी, तात्या, सगळे उष्टे हात धरून त्यांच्याकडं बघत होते.

"बुवा, तुम्ही तरी उठा आता," ते म्हणाले. "मला घरी पोचायला दिवेलागण होईल."

बुवांनी वाळलेला हात गुडघ्यावर ठेवला आणि भिंतीला पाठ टेकली.

"सावकाश जा," ते म्हणाले. "आम्ही बसलोय."