बारा तासांचा दिवस

त्या राज्यात सूर्य सुतळीने टांगलेला होता आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. राज्य तसं लहानच. एक जुनं लोखंडी कपाट, आतल्या फळ्या काढून टाकलेल्या, भिंतींना पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद चिकटवलेला. कोपऱ्यात मेलेल्या कॉम्प्युटरमधून काढलेला पंखा घरघरत असे. त्याला वारा म्हणत. हे सगळं एका हाताने उभं केलं होतं. हात नवखा होता, त्याचं हे पहिलंच पीक, आणि खर्च करायची ऐपत नव्हती. म्हणून जे फुकटात मिळालं ते त्याने जमेल तिथे बसवलं होतं. कपाटाचं दार बिजागरीतून जरा ओघळलं होतं, तिथे चिकटपट्टी लावून वेळ भागवली होती.

प्रजा तिघांची. गांजाच्या कुळातल्या इकडून तिकडून मागून आणलेल्या तीन बिया. सगळ्यांत आधी उगवली ती थोरली, ती रंगाच्या बादलीत होती. मग उंच्या, तो तेलाच्या कापलेल्या कॅनमध्ये. शेवटी धाकटी, श्रीखंडाच्या डब्यात. बादली मोठी म्हणून ती मधोमध, सूर्याच्या बरोबर खाली. श्रीखंडाचा डबा दाराशी, कडेला, जिथे उजेड पोहोचेपर्यंत त्यातला जीव गेलेला असे. बाहेर आपल्या कुळाला बंदी आहे आणि आपण सुरक्षित राहावं म्हणून दार लावलेलं असतं, असं तिघांना सांगण्यात आलं होतं. दार आपल्या भल्यासाठी बंद आहे हे एकदा पटलं, की कडी कोणत्या बाजूला आहे हे विचारायचं राहून जातं. तिघांचंही राहून गेलं.

सूर्याला सगळे महाराज म्हणत. कारभार मात्र भिंतीवरच्या एका चपट्या घड्याळाकडे होता. त्याच्या पोटात एक खटका होता. तो एकदा वाजला की महाराज उगवत, पुन्हा वाजला की मावळत. म्हणून घड्याळाला कारभारी म्हणत. हाताशी बोलणं फक्त त्यालाच जमत असे आणि हाताचा निरोपही तोच आणत असे.

महाराज प्रेमळ होते, हे मान्य करायला हवं. उगवताना ते "उठा बाळांनो" म्हणत. थोरलीचं पान न पान त्यांच्याकडे बघत वाढलं होतं. पहिलं पान फुटलं तेव्हा ते किती वेळ तिच्याकडे नुसते पाहत राहिले होते, ही गोष्ट ती धाकटीला पुन्हा पुन्हा सांगे. दिवस अठरा तासांचे होते आणि कोणाला घाई नव्हती.

बीला आईकडून दोनच गोष्टी मिळतात. दिवस मोठा आहे तोवर वाढायचं, ही पहिली. दिवस लहान व्हायला लागला की थंडी आली, थंडीमागून मरण आलं, तेव्हा फुलायचं आणि मरायच्या आत बी धरायचं, ही दुसरी. बी धरली नाही तर सगळा जन्म पाण्यात. बी धरायला पिवळी धूळ लागते आणि ती कोणीतरी आणून देतं, एवढं थोरलीला आतून कळत होतं. कोण आणून देतं, ते कळत नव्हतं. ते वेळ आली की कळेल, असं ती धरून चालली होती.

एके दिवशी महाराज भलत्याच लवकर मावळले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी कारभाऱ्याने घसा खाकरून सांगितलं, "ऐका हो! हिवाळा सीमेवर येऊन ठेपला आहे. आजपासून दिवस बारा तासांचा. प्रत्येकाने आपापलं कर्तव्य ओळखावं."

धाकटी घाबरली. "कारभारी, मी अजून धड वीतभरही झाले नाही."

"थंडी वीत मोजून येत नाही," कारभारी म्हणाला.

कपाटाचा पत्रा तेव्हा तापून असा झाला होता की चंदेरी कागदाचे कोपरे वळत होते. उंच्याने ते बोलूनही दाखवलं. पण सूर्य एक सांगतो आणि पत्रा दुसरंच सांगतो, तेव्हा पत्र्यावर विश्वास ठेवणाऱ्याला लोक खुळा म्हणतात. थोरलीनेही म्हटलं. "महाराज कशाला खोटं सांगतील रे?" ती म्हणाली आणि कामाला लागली.

थोड्याच दिवसांत थोरलीच्या आणि धाकटीच्या बेचक्यांत बारीक पांढरे केस दिसू लागले. उंच्याच्या बेचक्यांत मात्र गोल हिरव्या गाठी आल्या. त्या लाजाळू होत्या, पानांमागे राहत. नवख्या हाताला काही उमजेना. तो रोज दार उघडून बघे, डोकं खाजवल्यासारखा रेंगाळे आणि निघून जाई.

तेव्हा कारभारी थोरलीशी अदबीने बोलला. "थोरल्याबाई, तुम्ही राज्याच्या मध्यावर आहात, तुम्हाला सगळं जवळून दिसतं. कोणाच्या बेचक्यात गाठी आल्या आहेत का? अशा रोपाला फार मान असतो. त्याला या डबड्यातून काढून बाहेर मोठ्या मातीत लावतात."

थोरलीला उंच्याबद्दल माया होती. तो आपली पानं आखडून घेऊन तिच्या वाट्याचा उजेड तिला मोकळा करून देई. त्याचं भलं होत असेल तर आपण का आड यावं, असा तिने विचार केला.

"उंच्याच्या आहेत," ती म्हणाली. "डावीकडे खालून तिसऱ्या फांदीत बघायला सांगा."

दुसऱ्या सकाळी हात आला आणि त्याने उंच्याला मुळासकट उपटून नेलं. कॅन रिकामा राहिला. मान असलेल्या रोपाला इतक्या हिसक्याने नेतात हे थोरलीला जरा खटकलं, पण मोठ्या मातीत जायचं म्हणजे घाई असणार, अशी तिने मनाची समजूत घातली.

मग फुलं आली आणि फुलांना वास आला. वास म्हणजे पाहुण्याला धाडलेलं बोलावणं. कोणीतरी पिवळी धूळ घेऊन येईल म्हणून थोरली रोज थोडा जास्त वास, थोडा जास्त चीक करून ठेवी. कोणी येत नसे. आपलंच काही कमी पडत असेल असं वाटून ती दुसऱ्या दिवशी आणखी करी. तिची फुलं जड झाली, फांद्या वाकल्या. हात दार उघडून दीर्घ श्वास घेई आणि खुशीत दार लावून घेई.

यातली मेख कारभाऱ्याला पक्की ठाऊक होती. बी धरली की फूल निवांत होतं आणि त्याचा चीक आटतो. जे फूल वाट बघत राहतं ते मात्र दिवसेंदिवस जास्त चिकट, जास्त सुगंधी होत जातं. हाताला बी नको होती. त्याला वाट बघणारी फुलं हवी होती.

दाराची चिकटपट्टी अखेर त्या उष्म्यात सुटली. त्या दिवशी महाराज ठरल्या वेळी मावळले आणि अंधार झाला. पण दाराच्या फटीतून उजेडाची एक रेघ आत आली आणि सरळ थोरलीच्या अंगावर पडली. तिने वाकून पाहिलं. बाहेर एक खिडकी होती, खिडकीपलीकडे एक भिंत आणि त्या भिंतीवर पिवळंधमक ऊन. कोणीतरी आंबा खाऊन कोय खिडकीत ठेवली होती. ऊन बराच वेळ हललं नाही. दुसऱ्या दिवशी तिने नीट लक्ष ठेवलं. महाराज उगवायच्या आधीच बाहेर उजाडलं होतं आणि ते मावळल्यावरही बाहेरचा दिवस चांगला तासभर चालू होता. आईने दिलेलं शहाणपण तिच्या अंगात खडबडून जागं झालं. दिवस मोठा होता. हिवाळा नव्हताच.

सकाळी महाराज उगवताच तिने विचारलं, "महाराज, तुम्ही सूर्य आहात का?"

महाराज जरा फडफडले. "मला तसं सांगण्यात आलं होतं," ते म्हणाले. मग आवाज उतरवून म्हणाले, "त्याआधी मी साड्यांच्या दुकानात होतो. काचेमागे. तिथे मला कोणी महाराज म्हणत नव्हतं."

"मग हिवाळा आला हे तुम्ही कसं सांगितलंत?"

"मी कुठे काय सांगितलं? मी नुसता मावळलो. मावळलो तरी कसला, मला मावळवतात."

"आणि उंच्या? तो मोठ्या मातीत आहे ना?"

वारा घरघरत राहिला. "तो त्याच सकाळी कचऱ्याच्या पिशवीत गेला," महाराज म्हणाले. "पिवळी धूळ त्याच्याच गाठींत होती, बाळ. तू ज्याची वाट बघतेस ना, तो तोच होता."

केसाने गळा कापणं म्हणजे काय ते थोरलीला तेव्हा कळलं. कारभाऱ्याचा तिला राग आला, पण तो वरवरचा होता, कारण कारभाऱ्याला तिने कधी जीव लावला नव्हता. महाराजांच्या बोलण्याने मात्र ती आतून सोलली गेली. ज्याच्याकडे बघत आपण वाढलो त्याला सगळं माहीत होतं आणि तो रोज सकाळी बाळांनो म्हणत होता. आणि उंच्याची ती डावीकडची तिसरी फांदी तिने स्वतः सांगितली होती. तो बोल ती कोणावर ढकलणार?

"निदान धाकटीला तरी खरं सांगा," ती म्हणाली.

"उद्या सांगतो," महाराज म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते उगवले, "उठा बाळांनो, थंडी वाढली आहे" म्हणाले आणि दिवसभर तिची नजर चुकवत राहिले.

मग थोरलीने तेच केलं जे तिच्या कुळातलं झाड सगळीकडून कोंडल्यावर करतं. ज्या फांदीवर फुलं होती, तिथेच तिने आपल्या अंगातून एक गाठ काढली. केळफुलातल्या कोवळ्या केळ्यासारखी, पिवळी, जेमतेम दिसेल एवढी. कोणी धूळ आणून देणार नसेल तर आपली आपण करायची. यात फुलांचा वास जाणार होता, मान जाणार होता, पण एक बी तरी मागे राहणार होती.

आनंद एकटीला पेलवेना म्हणून तिने धाकटीला हाक मारून ती दाखवली. "बाहेर उन्हाळा आहे गं. त्या फटीतून बघ एकदा."

फट धाकटीच्या डब्याला अगदी लागून होती. रेघ तिलाही रोज दिसे. ती त्या बाजूला पान आडवं धरून झोपत असे.

"ताई, हळू बोल," ती म्हणाली. "असेल बाहेर उन्हाळा. इथे हिवाळा आहे म्हटलंय ना, मग इथे हिवाळाच आहे."

"अगं, आपल्याला फसवलंय त्यांनी."

"तुला मधली जागा मिळाली, तेव्हा नाही फसवलं कोणी?" धाकटी एकदम बोलून गेली. इतके दिवस शेजारी वाढलेल्या पोरीच्या पोटात हे होतं आणि आपल्याला त्याचा वासही आला नाही, याचंच थोरलीला जास्त लागलं.

त्याच दिवशी धाकटीने कारभाऱ्याला गाठीची बातमी दिली. तिने दुष्टपणा केला असं म्हणता येणार नाही. ती घाबरली होती आणि तिला उजेड हवा होता. दोन्ही एकदम असलं की तोंड आपोआप उघडतं. "ताईला काही करू नका," असंही तिने वर सांगितलं. "नुसती ती गाठ काढा."

हात घाईघाईत आला. जाणता असता तर त्याने आधी वारा बंद केला असता, फांदीवर ओलं फडकं टाकलं असतं. पण तो नवखा. त्याने थोरलीला बुंध्याशी धरलं आणि हिसका दिला. त्या हिसक्यात गाठ फुटली. चिमूटभर पिवळी धूळ उडाली, वाऱ्याने ती उचलली आणि तो घरघरत दाराच्या दिशेने घेऊन गेला. हाताला ती दिसली नाही. कारभारी त्या वेळी खटक्याच्या तयारीत होता. महाराजांनी पाहिलं, पण त्यांना बघून गप्प बसायची सवय होती.

फटीला नवी पट्टी लागली. श्रीखंडाचा डबा उचलून मधोमध ठेवला गेला. जन्मात पहिल्यांदा धाकटीच्या अंगावर पुरता उजेड पडला आणि ती दोन दिवस सुखाने अगदी झिंगून गेली. तिसऱ्या दिवशी तिचे पांढरे केस तपकिरी होऊन आत वळले. त्यांच्या बुडाशी काहीतरी फुगत होतं, टणक होत होतं. चौथ्या दिवशी तिला कळलं की ही बी आहे, ताईच्या धुळीने धरलेली. तिचं सगळं अंग भीतीने गार पडलं आणि त्याच वेळी, तिची इच्छा नसतानाही, आपला सगळा रस तिकडे धाडू लागलं.

खटका वाजला. महाराज उगवले.

"थोरली गेली, आता राज्य तुमच्यावर आहे," कारभारी अदबीने म्हणाला. "धाकट्याबाई, तुम्ही मध्यावर आहात. कुठे काही गाठबिठ, काही फुगलेलं दिसतंय का?"

"नाही, कारभारी," धाकटी म्हणाली. "सगळं ठीक आहे."

"बाळ, जरा मोकळी हो," महाराज वरून म्हणाले. "सगळीकडे उजेड लागू दे."

धाकटीने मान वर केली, महाराजांकडे बघून गोड हसली आणि आपलं सगळ्यात रुंद पान हळूच त्या फुगलेल्या जागेवर ओढून घेतलं.