चिंचेवरचा पहिला बिल्ला

चिंचेखाली रडायचं नाही, आणि का ते विचारायचं नाही. आमच्या माळेवाडीत मुलींना हे चालायच्या आधी शिकवतात.

वेशीवरच्या या चिंचेच्या खोडात फौजी टोप्यांवरचे एक्केचाळीस पितळी बिल्ले ठोकलेले आहेत. जुन्यांवर मुकुट, नव्यांवर सिंह. पाहुणे आले की सुभेदारतात्या खोडाला काठी टेकवून गोष्ट सांगतात.

पहिल्या महायुद्धात भागीरथीचा मुलगा गेनू पायदळाच्या पलटणीबरोबर समुद्रापार गेला. तो परतला तर चिंचेला चांदीचा पाळणा बांधीन, असा तिने नवस केला होता म्हणे. परत आला तो लखोट्यातून नुसता बिल्ला. तो तिने चिंचेत ठोकला. तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. खिळ्याच्या भोकातून मात्र नऊ दिवस लाल चीक वाहिला. झाड रडलं, आता बाईने रडायचं नाही, असं तेव्हा ठरलं. न परतलेल्याचा बिल्ला घरच्या बाईने कोरड्या डोळ्यांनी ठोकायचा. रडली तर घरातला पुढचाही जातो, असे सांगतात.

गेल्या महिन्यात माझ्या भावाचा, प्रल्हादचा, बिल्ला ठोकायचा होता. बर्फाखालून तो सापडलाच नाही. आई गेल्यापासून घरची बाई मीच. त्या दिवशी जुने लष्करी बिल्ले जमवणारे कर्णिक पुण्याहून आले होते. पहिल्या बिल्ल्याला भिंग लावून ते घुटमळले.

“गेनूच्या पलटणीचं चिन्ह बिगूल. हे तर आडवे भाले आहेत. घोडेस्वारांचा बिल्ला आहे हा. लखोटे बदलले असतील.”

“म्हणजे हा दुसऱ्याच कुणाचा?” मी विचारलं.

“शिकलीस म्हणून झाडाची उलटतपासणी घेऊ नकोस,” तात्या म्हणाले. “हातोडी उचल.”

“शंभर वर्षं आपण भलत्याच पोरासमोर डोळे कोरडे ठेवून उभे आहोत, तात्या. आपल्या गेनूसाठी कुणीच रडलं नाही. झाडसुद्धा नाही.”

“तुझा धाकटा भाऊ सीमेवर आहे. त्याचा तरी विचार कर.”

“तुमच्याच घरचे तीन बिल्ले आहेत इथे. ते ठोकताना तुमच्या घरच्या आजी रडल्या होत्या का?”

तात्यांची काठी खोडावरून घसरली.

मी हातोडी खाली ठेवली आणि तिथेच बसून रडले. त्याने प्रल्हाद येणार नव्हता. धाकट्याचं काय होईल, तेही मला ठाऊक नाही.

आजही चिंचेवर एक्केचाळीसच बिल्ले आहेत. तात्या अजून पाहुण्यांना गोष्ट सांगतात, पण लाल चिकापाशी आले की गप्प होतात.